खुर्ची आधी, रेघ नंतर : वॉशिंग्टन, १८८४

१/ शालेय इतिहासात १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेच्या वाट्याला एकच ओळ येते : ग्रिनिचमधून जाणारी रेघ जगाचे शून्य रेखावृत्त ठरली. या ओळीवरून तरुण इतिहासप्रेमींमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, विज्ञानाने कौल दिला. दुसरा म्हणतो, साम्राज्याने लादले. परिषदेच्या इतिवृत्ताचे पहिले पान मात्र दोघांनीही उलटून पुढे टाकलेले असते. त्या पानावर ना रेखावृत्त आहे, ना घड्याळ. तिथे अध्यक्षाची निवड आहे.

२/ या धाग्याचे प्रतिपादन असे : मानक ठरवणाऱ्या सभेत अध्यक्ष कोण होतो, त्याचे नाव कोण सुचवतो आणि खुर्चीत बसल्यावर तो स्वतःला किती आवरतो, या बाबी शिष्टाचारात मोडत नाहीत. मानक टिकणार की नाही, याचा निम्मा निकाल तिथेच लागतो. उरलेला निम्मा निकाल त्या खोलीत कोणाला बसू दिले, यावर अवलंबून असतो. १८८४ चे वॉशिंग्टन पहिल्या गोष्टीचा पुरावा आहे. १९०६ ची मुंबई दुसऱ्या गोष्टीचा.

३/ आधी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकात रेखांश मोजण्याचा आरंभ प्रत्येक देश आपापल्या सोयीने करी. फ्रेंच नकाशे पॅरिसपासून, इंग्रजी नकाशे ग्रिनिचपासून, स्पॅनिश नकाशे कादिझजवळून, रशियन नकाशे पुल्कोवोहून मोजले जात. भारतीय सिद्धांतग्रंथांची मध्यरेषा तर त्याच्या कितीतरी आधीपासून उज्जैनमधून जात होती. आगबोट, आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर हा गोंधळ महाग पडू लागला. १८८३ मध्ये रोम येथे भूमापनशास्त्रज्ञांच्या परिषदेने ग्रिनिचची शिफारस केली. पण ती शास्त्रज्ञांची शिफारस होती, सरकारांची संमती नव्हती.

४/ अमेरिकी काँग्रेसने ऑगस्ट १८८२ मध्येच कायदा करून अशी सरकारी परिषद बोलावण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला होता. त्यानुसार चेस्टर आर्थर यांच्या निमंत्रणावरून १ ऑक्टोबर १८८४ रोजी वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याच्या दालनात सभा भरली. २५ देश, ४१ प्रतिनिधी. त्यांत खगोलशास्त्रज्ञ होते, आरमारी अधिकारी होते, रेल्वेचे लोक होते आणि बरेचसे वकिलातीतले मुत्सद्दी होते.

५/ परराष्ट्रमंत्री फ्रेलिंगहायसन यांनी स्वागत केले आणि ते बाजूला झाले. पहिले काम अध्यक्ष निवडण्याचे. नाव सुचवले स्वीडनचे प्रतिनिधी काउंट लेवेनहाउप्ट यांनी : अमेरिकी शिष्टमंडळाचे प्रमुख, रिअर अ‍ॅडमिरल सी. आर. पी. रॉजर्स. ठराव एकमताने संमत झाला. सारा प्रकार काही मिनिटांचा. म्हणूनच बहुतेक लेखकांना तो नोंदण्याजोगा वाटत नाही.

६/ पण त्या काही मिनिटांत तीन गोष्टी घडल्या. पहिली : नाव सुचवणारा ब्रिटनचा नव्हता आणि फ्रान्सचाही नव्हता. खरा सामना या दोघांतच होता. त्यांपैकी एकाने नाव सुचवले असते, तर दुसऱ्याला त्या खुर्चीवर शेवटपर्यंत संशय घेता आला असता. स्वीडनच्या तोंडून आलेल्या नावाने ती वाट सुरुवातीलाच बंद केली.

७/ दुसरी गोष्ट : रॉजर्स हे खगोलशास्त्रज्ञ नव्हते. ते जुने आरमारी अधिकारी, अमेरिकी नौदल विद्यालयाचे माजी प्रमुख. सभागृहात केप्लर-न्यूटनच्या परंपरेतले विद्वान बसलेले असताना अध्यक्षपद एका दर्यावर्दी शिस्तीच्या माणसाकडे जाते, याचा अर्थ सभेला खुर्चीत ज्ञानापेक्षा नियमन हवे होते. तिसरी गोष्ट : यजमानाला मान देण्याची रूढी पाळली गेली, त्यामुळे पराभूत उमेदवार कोणी उरलाच नाही.

८/ आता रॉजर्स यांचे पहिले भाषण. आभार मानून झाल्यावर त्यांनी आपल्या देशाचा विस्तार सांगितला : शंभर अंश रेखांश व्यापणारी भूमी, लांबच लांब समुद्रकिनारा, जागोजागी वेधशाळा. अशा देशाने मूळ रेखावृत्तावर हक्क सांगितला असता, तर ते नवल नव्हते. आणि लगेच त्यांनी जाहीर केले, की आपल्या सीमेत मूळ रेखावृत्त यावे, अशी अमेरिकी शिष्टमंडळाची इच्छा नाही. खुर्चीत बसून केलेले पहिले कृत्य म्हणजे स्वतःच्या देशाचा दावा सोडणे.

९/ शंकेखोर वाचक इथे हसेल, आणि त्याच्या हसण्याला आधार आहे. १८ नोव्हेंबर १८८३ रोजीच अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी ग्रिनिचवर आधारलेले तासातासांचे वेळपट्टे लागू केले होते. ती योजना तडीस नेणारे विल्यम अ‍ॅलन हे त्याच अमेरिकी शिष्टमंडळात होते. म्हणजे जे मागायचेच नव्हते, ते सोडण्यात कसला त्याग? हरकत रास्त आहे. रॉजर्स संत नव्हते आणि अमेरिका तटस्थ नव्हती.

१०/ तरीही त्या घोषणेचे मोल कमी होत नाही, कारण ती इतिवृत्तात नोंदली गेली. मनातला निःपक्षपातीपणा सभेच्या कामाचा नसतो. नोंदवलेला वचनबद्धपणा कामाचा असतो. एकदा बोललेला शब्द कागदावर आला, की पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून पाहता येतो. अध्यक्षाला बांधणारी दोरी ही असते. त्याचे हृदय किती शुद्ध, हे विचारणाऱ्यांनी हा साधा भेद विसरू नये.

११/ अध्यक्षाच्या हातात असते तरी काय? चार गोष्टी : ठराव कोणत्या क्रमाने यावेत, बोलू कोणाला द्यावे, सभा कधी थांबवावी आणि नोंद कशी ठेवावी. मत एकच असते, पण या चार किल्ल्या हाती असल्या, की मतदानापूर्वीच निकाल वळवता येतो. वॉशिंग्टनला या चारही किल्ल्या कशा फिरल्या, ते पाहण्यासारखे आहे.

१२/ क्रम. सुरुवातीच्याच बैठकांत अमेरिकी प्रतिनिधी लुईस रदरफर्ड यांनी थेट ग्रिनिचचा ठराव मांडला. म्हणजे अध्यक्षाच्याच शिष्टमंडळाने. फ्रान्सच्या लफेव्र यांनी तत्काळ हरकत घेतली : रोमची शिफारस या सभेवर बंधनकारक नाही, आधी तत्त्व ठरू द्या, मग जागा. रदरफर्ड यांनी ठराव तूर्त मागे घेतला. आधी प्रश्न आला तो असा : जगाला एकच मूळ रेखावृत्त असावे का? त्यावर सर्व देश ‘हो’ म्हणाले, फ्रान्ससुद्धा. घाई करून बहुमत रेटता आले असते. तसे झाले नाही.

१३/ बोलण्याची मुभा. फ्रान्सच्या बाजूने उभे राहिले ज्यूल जान्सन. हेच ते खगोलशास्त्रज्ञ, ज्यांनी १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण गुंटूर येथून निरखले होते. त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता : मूळ रेखावृत्त कोणत्याही मोठ्या राष्ट्रातून जाऊ नये, ते तटस्थ असावे, अझोर बेटांपाशी किंवा बेरिंगच्या सामुद्रधुनीत काढावे. त्यांना सविस्तर बोलू दिले गेले, उलट प्रश्न झाले, उत्तरे झाली. मग मतदान : विरोधात २१, बाजूने ३. फ्रान्स, ब्राझील आणि सान दोमिंगो.

१४/ तज्ज्ञांचा प्रश्न इथेच उभा राहिला. प्रतिनिधी नसलेले नामांकित शास्त्रज्ञ सभेला बोलवावेत, अशी सूचना आली; त्यांचे वजन तागडीत पडेल, अशी फ्रेंचांची शंका होती. अखेर सर विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, सभेच्या परवानगीने बोलले. त्यांच्या बोलण्याचा गाभा असा, की एक रेखावृत्त दुसऱ्यापेक्षा शास्त्रीयदृष्ट्या श्रेष्ठ नसते. प्रश्न सोयीचा आणि व्यवहाराचा आहे. ‘विज्ञानाने कौल दिला’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर त्या काळच्या अग्रगण्य भौतिकशास्त्रज्ञाकडून मिळालेले आहे.

१५/ नोंद. कामकाज इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही नोंदले गेले. सचिव तीन नेमले गेले : ब्रिटनचे जनरल रिचर्ड स्ट्रेची, फ्रान्सचे जान्सन आणि ब्राझीलचे क्रूल्स. या नावांकडे नीट पाहावे. ग्रिनिचच्या ठरावावर ज्या दोन देशांनी मत दिले नाही, त्यांचेच दोन प्रतिनिधी इतिवृत्ताचे राखणदार होते. अंतिम कागदावर रॉजर्स यांच्या खाली जान्सन यांची सही आहे. हरलेल्या पक्षाने विजयाची नोंद स्वतःच्या हाताने प्रमाणित केली.

१६/ निकाल १३ ऑक्टोबरला लागला. ग्रिनिचच्या बाजूने २२, विरोधात १ (सान दोमिंगो), तटस्थ २ (फ्रान्स आणि ब्राझील). कॅनडाच्या वतीने ब्रिटिश शिष्टमंडळात बसलेल्या सँडफर्ड फ्लेमिंग यांनी आकडे पुढे ठेवले होते : जगातली ६५ टक्के जहाजे आणि ७२ टक्के टनभार आधीच ग्रिनिचवरून रेखांश मोजत होता. पुढे फ्रान्सच्या आग्रहाने कोन आणि काळ यांच्या दशमान विभागणीचा अभ्यास पुन्हा सुरू व्हावा, असा ठरावही आला. तो विरोधात एकही मत न पडता संमत झाला.

१७/ आता मुख्य आक्षेप. ‘७२ टक्के टनभार ग्रिनिचकडे होता, खुर्चीत कोणीही असता, तरी निकाल हाच लागला असता.’ होय, लागला असता. पण निकाल लागणे आणि निकाल मानला जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. या परिषदेचे ठराव शिफारशी होत्या; ते मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. ज्या मानकामागे दंडुका नाही, ते केवळ ‘आपले म्हणणे ऐकले गेले’ या जाणिवेवर उभे राहते. ती जाणीव टनभार देत नाही. चालवलेली सभा देते.

१८/ प्रतिआक्षेप येईल : फ्रान्सने तरी कुठे मानले? १९११ पर्यंत तो पॅरिसच्या वेळेला चिकटून राहिला. खरे आहे. त्या वर्षीच्या कायद्यातही ग्रिनिचचे नाव न घेता ‘पॅरिसची मध्यम वेळ, ९ मिनिटे २१ सेकंद मागे’ असे लिहिले गेले. पण पुढे काय झाले, तेही सांगावे लागते. १९१२ मध्ये आंतरराष्ट्रीय काळपरिषद पॅरिसलाच भरली आणि जगाच्या वेळेचे समन्वयन करणारा ब्युरो पॅरिसच्या वेधशाळेत स्थापन झाला. हरलेला पक्ष रुसला, पण खोलीतून गेला नाही. म्हणून घड्याळाची किल्ली पुढे त्याच्याकडे येऊ शकली.

१९/ इथवर वॉशिंग्टनची बाजू मांडली. आता तिचे पाप. त्या २५ देशांत जपान होता, तुर्कस्तान होता, लायबेरिया होता, हवाई होते. भारत नव्हता. उज्जैनच्या बाजूने सोडाच, मुंबई-कलकत्त्याच्या सोयीबद्दल बोलायलाही भारताचा स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. सचिव झालेले स्ट्रेची हे लंडनमधल्या इंडिया कौन्सिलचे सभासद होते. कारकीर्द हिंदुस्थानात घालवलेले, पण मत ब्रिटनचे. कॅनडासाठी फ्लेमिंग आवाज उठवू शकले. अवघ्या उपखंडासाठी कोणीही नाही.

२०/ त्याचे पडसाद मुंबईत उमटले. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती; रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने चाले. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. शहराने एवढा विरोध केला, की दोन वर्षांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. वॉशिंग्टनला सभा भरली, त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईने घड्याळाची पहिली लढाई जिंकलेली होती.

२१/ दुसरी लढाई मोठी. जुलै १९०५ पासून रेल्वे आणि तारखात्याने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ स्वीकारली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती मुंबईवर आली. घड्याळ एका रात्रीत ३९ मिनिटे पुढे. गिरणी कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ ३९ मिनिटे आधीच्या अंधारात घर सोडणे. त्याच जानेवारीत कामगारांनी काम नाकारले, गिरण्यांवर दगड पडले. म्युनिसिपल कॉर्पोरेशनने आपल्या घड्याळांवर ‘बॉम्बे टाइम’ कायम ठेवला. सरकारी घड्याळ एक, शहराचे दुसरे. ही दुही स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली.

२२/ ‘मुंबईकर हट्टी आणि विज्ञानविरोधी’, असा या प्रकरणाचा टिंगलवजा सारांश केला जातो. तो अन्यायकारक आहे. साडेपाच तासांची प्रमाणवेळ तांत्रिकदृष्ट्या वाईट नव्हती. आजही देश तिच्यावरच चालतो. वाईट होती ती आणण्याची रीत. सरकारने संस्थांची मते मागवली हे खरे. पण मत मागवणे आणि मत असणे यांत अंतर असते. ज्या सभेला निवडलेला अध्यक्ष आहे, जिथे हरकत नोंदवता येते, जिथे हरणाऱ्याची सही इतिवृत्तावर असते, अशी सभा मुंबईच्या वाट्याला आली नाही. तिच्या वाट्याला हुकूम आला.

२३/ तुलना आता स्पष्ट आहे. पॅरिस आणि मुंबई, दोघांनाही आपली वेळ सोडावी लागली. एकाचा प्रतिनिधी सभेत बोलला, हरला आणि सही करून उठला. दुसऱ्याला निर्णय कळवण्यात आला. पहिल्याने पुढे जगाच्या वेळेचे कार्यालय चालवले. दुसऱ्याने अर्धशतकाच्या आसपास आपल्या घड्याळाचे काटे हलू दिले नाहीत. फरक विज्ञानाचा नव्हता, फरक नागरी स्वाभिमानाच्या मात्रेचाही नव्हता. फरक खोलीत असण्याचा होता.

२४/ तिसरे दृश्य ऑक्टोबर १९४६, लंडन. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालेले. आंतरराष्ट्रीय मानकसंस्था स्थापण्यासाठी पुन्हा २५ देशांचेच प्रतिनिधी जमले. यातूनच आयएसओ जन्माला आली. तिचे पहिले अध्यक्ष झाले अमेरिकेचे हॉवर्ड कूनली. पण या वेळच्या २५ देशांत भारत होता. जानेवारी १९४७ मध्ये, स्वातंत्र्याआधीच, भारतीय मानक संस्थेने काम सुरू केले, लाल सी. वर्मन हे तिचे पहिले संचालक. आजचा भारतीय मानक ब्युरो तिचाच वारसदार.

२५/ खोलीत असण्याचा उपयोग काय? अभ्रक, लाख आणि मसाले यांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयएसओ समित्यांची सचिवालये भारताकडे आली. हे नाममात्र पद नव्हे. आजच्या नियमांनुसार तांत्रिक समितीच्या अध्यक्षाचे नाव तिचे सचिवालयच सुचवते, वरिष्ठ मंडळ त्याला मान्यता देते आणि मुदत ठरलेली असते. मिरीची प्रत किंवा अभ्रकाची जाडी कशी मोजावी, याची चर्चा आता लंडनहून कळवली जात नाही. तिचा कार्यक्रम दिल्लीत आखला जातो.

२६/ त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे. समितीच्या अध्यक्षाने पूर्णतः आंतरराष्ट्रीय भूमिकेतून वागावे, आपल्या राष्ट्राची बाजू बाजूला ठेवावी आणि त्याच समितीत स्वतःच्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बसू नये. रॉजर्स हे अध्यक्षही होते आणि अमेरिकेचे प्रतिनिधीही. आजच्या कलमाने ते अपात्र ठरले असते. १८८४ मध्ये जो संयम एका माणसाच्या भाषणावर सोपवला होता, तो पुढे नियम झाला. संस्था अशाच पक्व होतात : चांगल्या माणसाच्या सवयीचे पुढच्या पिढीसाठी कलम करून.

२७/ म्हणून ‘अध्यक्षाची निवड ही औपचारिकता’ हे वाक्य इतिहासाच्या विद्यार्थ्याने संशयानेच वाचावे. ते बहुधा अशांकडून येते, ज्यांना खुर्ची आधीच मिळालेली असते किंवा जे खोलीबाहेरच्यांना मोजत नाहीत. एखादे मानक कोणते, वजनाचे, वेळेचे, लिपीचे की विजेच्या प्लगचे, हे पाहण्याआधी त्या सभेच्या पहिल्या बैठकीचे इतिवृत्त काढावे. नाव कोणी सुचवले? निवडून आल्यावर त्याने काय सोडले? हरलेल्यांपैकी कोणाची सही खाली आहे? आणि कोणाला बोलावलेच नव्हते?

२८/ ग्रिनिचची रेघ पृथ्वीवर निसर्गाने काढलेली नाही. ती माणसांनी, एका दालनात, मतदान करून काढली. आणि ते मतदान मान्य होण्याजोगे झाले, कारण त्याआधी बारा दिवस एका खुर्चीचा प्रश्न नीट सुटला होता. त्या दालनाच्या दाराबाहेर जे राहिले, त्यांतले एक शहर मुंबई होते, आणि त्याने आपले घड्याळ ३९ मिनिटे मागे ठेवून ती गोष्ट दीर्घकाळ जगाच्या लक्षात आणून दिली.